हजार ग्रह, पण वाट कुठाय?

'स्टारफील्ड' ह्या खेळाबद्दल दोन मतं कानावर येतात. एक म्हणजे, हा आजवरचा सगळ्यात भव्य अंतराळ-खेळ आहे. दुसरं म्हणजे, हा आजवरचा सगळ्यात रटाळ अंतराळ-खेळ आहे. दोन्ही बाजूंची मंडळी इतक्या तावातावाने भांडतात की मधे कुणी तोंड उघडलं तर दोघांचाही मार खायचा. तरी बोलतो. मला हा खेळ आवडला, दीडशेच्या वर तास खेळलो, आणि तरीही त्यात काहीतरी मुळातच बिनसलंय असं माझं ठाम मत झालंय. फक्त ते बिनसलेलं म्हणजे "ग्रह रिकामे आहेत" हे नव्हे, जे सगळेच म्हणतात.

आधी नातेवाईक मंडळींसाठी थोडं प्रास्ताविक. (ज्यांना हे पाठ आहे त्यांनी एक परिच्छेद उडी मारावी. आत्या, तू मात्र वाच, नाहीतर पुढचं कळायचं नाही.) बेथेस्डा नावाची एक अमेरिकन कंपनी आहे. मोठं मोकळं जग, त्यात कुठेही भटका, काहीही करा, अशा धाटणीचे खेळ बनवण्यात वाकबगार. तिचा २०११ सालचा 'स्कायरिम' लोक अजून खेळतात. ६ सप्टेंबर २०२३ ला तिने 'स्टारफील्ड' आणला. दिग्दर्शक टॉड हॉवर्ड. पंचवीसेक वर्षांत कंपनीने उभं केलेलं हे पहिलंच कोरं करकरीत विश्व. मधल्या काळात मायक्रोसॉफ्टने बेथेस्डाची पालक कंपनीच साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतली (२०२१), त्यामुळे अपेक्षांचं ओझंही त्याच मापाचं. गोष्ट घडते इसवी सन २३३० मध्ये. माणसं पृथ्वी सोडून दूरदूरच्या ताऱ्यांपाशी जाऊन वसलीयत. तुम्ही एक साधे खाणकामगार. खोदताना एका विचित्र धातूचा तुकडा हाती लागतो, त्याला हात लावल्यावर डोळ्यांपुढे काहीबाही दिसतं, आणि त्या नादाने तुम्ही 'कॉन्स्टेलेशन' नावाच्या शोधक मंडळींच्या टोळक्यात जाऊन पडता. पुढे काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. शिपाई व्हा, चाचे व्हा, माल वाहा, लग्न करा, घर बांधा. फिरायला एक हजाराहून जास्त ग्रह. कॉम्प्युटरवर जागा मात्र १२५ जीबी खातो.

आमच्या घरी हा आणला भाच्याने. तो अर्नाळ्याला सुट्टीत राहायला आला की त्याचा कॉम्प्युटरही येतो, आणि मग पावसाळी संध्याकाळी मामा-भाचे आळीपाळीने खुर्चीत. मी लिहितोय ते २०२३ साली आलेल्या खेळाबद्दल आणि २०२४ अखेरपर्यंत त्यात झालेल्या बदलांबद्दल. तेवढाच मी खेळलोय.

आधी चांगलं. ह्या खेळातल्या वस्तू बघाव्यात. खेळ बनवणाऱ्यांनी ह्या रूपाला 'नासा-पंक' असं नाव दिलंय, म्हणजे अपोलोच्या काळातली यानं पुढे तीनशे वर्षं दुरुस्त करत करत वापरली तर कशी दिसतील, तसं. जाड बटणं, खटके, पत्र्यावरचे ओरखडे, हाताळून गुळगुळीत झालेल्या मुठी. हॉलिवूडी चकचकीतपणा नाही. आपल्याकडच्या होडीत जसं प्रत्येक दोर, प्रत्येक खुंटी हात लागून लागून काळी पडलेली असते, तसं इथलं सगळं वापरलेलं वाटतं. शिवाय टेबलावरचा कप, पेन, सँडविच, काहीही उचलता येतं आणि नेऊन दुसरीकडे ठेवता येतं, आणि ठेवलेलं तिथेच राहतं. खेळ आल्या आल्या लोकांनी बटाटे गोळा करकरून अख्खी खोली भरली आणि मग दार उघडून ते सगळे घरंगळताना बघितले. आमच्याकडेही हा प्रयोग झाला. ह्यात साध्य काय, असं बहिणीने विचारलं. काहीच नाही. पण बटाटा बटाट्यासारखा घरंगळतो ह्यात एक समाधान आहे, ते ज्याला कळलं त्याला कळलं.

दुसरी गोष्ट म्हणजे यानबांधणी. इंजिन, अणुभट्टी, चालकाची खोली, माल ठेवायचं कोठार, उतरायचे पाय असे सुटे भाग विकत घ्यायचे आणि एकमेकांना जोडत बसायचं. पाच-सहा कारखाने आहेत खेळात, प्रत्येकाचा घाट वेगळा, म्हणजे एकाचं काम दणकट ट्रकसारखं तर दुसऱ्याचं गुळगुळीत, श्रीमंती. वजन वाढलं तर इंजिन बदला, इंजिन बदललं की भट्टी पुरेना, भट्टी मोठी घ्यावी तर पैसे पुरेनात. आमच्या इथल्या नव्या होडीच्या बांधकामात ऐकलेल्या चर्चा आणि ह्या चर्चा ह्यांत मला काही फरक दिसला नाही! भाच्याने तीन संध्याकाळी खपून माझ्यासाठी एक यान बनवून दिलं. पुढे नाळ उचललेली, मधे पसरट, मागे केबिन. हुबेहूब किनाऱ्यावर ओढून ठेवलेली मासेमारीची बोट. नाव अर्थातच 'अर्नाळा'. (ह्या नावाची खरी युद्धनौकाही आहे बरं का. आपल्या किल्ल्यावरूनच नाव दिलंय. १८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. पाणबुड्या शोधायचं काम करते. आमच्या यानाला असलं काही जमत नाही.) खोल्यांमधली दारं आणि शिड्या कुठे येणार हे मात्र खेळच आपल्या मर्जीने ठरवायचा, त्यामुळे आमच्या यानात स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत जायला आधी तळघरात उतरावं लागतं. असो.

तिसरी गोष्ट, माणसांनी बसून लिहिलेली प्रकरणं. निशिना नावाच्या प्रयोगशाळेतलं एक प्रकरण आहे, ते मी कधी विसरेन असं वाटत नाही. एका प्रयोगात गडबड होऊन दोन विश्वं एकमेकांत गुंतलीयत. एका विश्वात प्रयोगशाळा चालू आहे, दिवे लागलेत, लोक कामात आहेत, फक्त त्यांचा एक सहकारी अपघातात गेलाय. दुसऱ्यात सगळं जळून गेलंय आणि नेमका तो एकटाच जिवंत उरलाय. तुम्ही एका विश्वातून दुसऱ्यात फेकले जाता, परत येता. ह्या विश्वात बंद असलेला दरवाजा त्या विश्वात कोसळलेला, म्हणून तिकडून वाट काढायची. आणि शेवटी तुमच्यासमोर प्रश्न, कुठलं विश्व टिकवायचं? एक माणूस की बाकीचे सगळे? (नीट लक्ष दिलं तर तिसरी वाटही आहे, पण ती ज्याने त्याने शोधावी.) ह्या प्रकरणातली एकही खोली उगाच नाही. प्रत्येक बोळ, प्रत्येक दार कुणीतरी विचार करून तिथे ठेवलंय.

आता 'रिकामे ग्रह'. टीकाकार म्हणाले, हजार ग्रह दिले पण त्यांतल्या बहुतेकांवर दगड-मातीखेरीज काही नाही. २०२३ च्या शेवटी कंपनीच्या लोकांनी अशा टीकेला उत्तरं दिली. आशय असा, की अंतराळवीर चंद्रावर गेले तेव्हा तिथेही काही नव्हतं, पण ते काही कंटाळले नव्हते. ह्यावर भरपूर हशा झाला. मला मात्र त्यांचं पहिलं वाक्य अगदी बरोबर वाटतं. चंद्र रिकामाच असायला हवा. पण अपोलो ११ निघालं १६ जुलै १९६९ ला आणि चंद्रावर उतरलं २० जुलैला. चार दिवस ते तिघे एका डबड्यात बसून चंद्र मोठा मोठा होताना बघत होते. त्याआधीची वर्षानुवर्षांची तयारी वेगळीच. असं करून पोचल्यावर पायाखालची नुसती धूळसुद्धा कुणाला कंटाळवाणी वाटणार नाही. खेळात काय होतं? नकाशा उघडायचा, ग्रहावर टिचकी मारायची, एक चित्र येतं, एक गोल फिरतो, आणि तुम्ही पोचलात. पंधरा सेकंदांत चंद्र, पंधरा सेकंदांत शनीचा टायटन, पंधरा सेकंदांत दुसरा तारा. तुम्ही गेला कुठेच नाहीत. पडद्यावरचं चित्र तेवढं बदललं.

इथे मला कुणी विचारेल की, अहो, तुम्ही जन्मभर विरार लोकलने ये-जा केलीत, चर्चगेटला डोळे मिटावेत आणि विरारला उघडावेत असं तुम्हाला कधी वाटलं नाही? वाटलं. रोज वाटलं. विशेषतः अंधेरीला. पण त्या साठ किलोमीटरांमुळेच विरार हे विरार आहे. त्या अंतरामुळे घरांचे भाव ठरले, त्या अंतरामुळे गाडीतले भजनी मंडळ आणि पत्त्यांचे अड्डे जन्माला आले, त्या अंतरामुळे विरार गाडीत बोरिवलीला उतरू बघणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते सगळ्या जगाला ठाऊक झालं. अंतर काढून टाका, विरार आणि चर्चगेट ह्यांत उरेल फक्त पाटीचा फरक.

आणि आमचं अर्नाळं तर त्याहून पुढे. स्टेशनवरून बस नाहीतर रिक्षा, मग गाव, मग सुरूच्या झाडांमधून किनारा. आणि किल्ला बघायचा तर तिथून होडी. एवढंसं पाणी, दहा मिनिटांचं. पण गुडघाभर पाण्यात चालत जाऊन होडीत चढायचं, भरती-ओहोटी बघून निघायचं, आणि बेटावर उतरल्यावर परतीची होडी कधी ते आधी विचारून ठेवायचं. ही दहा मिनिटं आहेत म्हणून किल्ला आहे. वैतरणेच्या मुखाशी, जिथून खाडीत शिरणारं आणि समुद्रातून जाणारं प्रत्येक गलबत दिसतं, तिथे तो बसलाय. म्हणून गुजरातच्या सुलतानांना ते बेट हवं होतं, म्हणून पोर्तुगिजांना हवं होतं, आणि वसई घ्यायची (ती पुढे १७३९ ला चिमाजी अप्पांनी घेतली) तर आधी मराठ्यांनी १७३७ ला अर्नाळा घेतला. बाजीरावांच्या आज्ञेने तो नव्याने बांधला गेला, तसा शिलालेखच आहे दरवाज्याजवळ. आत अष्टकोनी तळं आहे, कारण वेढा पडला तर चहूबाजूंच्या खाऱ्या पाण्यात प्यायचं काय? त्र्यंबकेश्वराचं देऊळ आहे, भवानी आहे, दर्गा आहे, कारण ज्या ज्या काळात जी जी माणसं तिथे राहिली, त्यांना देव लागला. त्या किल्ल्यात तुम्ही कुठल्याही दगडाला "तू इथे का?" असं विचारू शकता आणि बहुतेक वेळा उत्तर मिळतं.

'स्टारफील्ड'च्या हजार ग्रहांवर हा प्रश्न विचारून बघा. एका बर्फाळ ग्रहावर मला एक गोठवण-प्रयोगशाळा सापडली. आत लुटारू, वर नळ्यांचं जाळं, एका खोलीत एक मृतदेह, जवळ एक चिठ्ठी. चिठ्ठी वाचून मला वाईटही वाटलं. मग चाळीस प्रकाशवर्षं पलीकडे, दुसऱ्या ताऱ्याच्या दुसऱ्याच ग्रहावर, तीच प्रयोगशाळा. तेच बोळ, त्याच खोलीत तोच मृतदेह, तीच चिठ्ठी! ती प्रयोगशाळा तिथे का आहे? कारण कॉम्प्युटरच्या पोतडीतून ह्या वेळी तिचा नंबर निघाला. तिथे नदीचं मुख नाही, वाट नाही, शेजार नाही, वेढ्याची भीती नाही. जागेला कारणच नाही. आणि ज्या जागेला कारण नाही ती भरलेली असली तरी रिकामीच वाटते. लोक ज्याला 'रिकामे ग्रह' म्हणतात ते दुखणं खरं हे आहे. निव्वळ ओसाड ग्रहावर, जिथे खरंच काही नाही आणि आकाशात एक भलामोठा कडी असलेला ग्रह उगवतोय, तिथे मला कधीच कंटाळा आला नाही. कंटाळा आला तो तिथे दर आठशे पावलांवर ठेवलेल्या चुलत-जुळ्या कारखान्यांचा.

गंमत म्हणजे हे ह्याच कंपनीने एकदा शिकून झालेलं आहे. १९९६ साली त्यांनी 'डॅगरफॉल' नावाचा खेळ काढला होता. ग्रेट ब्रिटनएवढं जग म्हणून त्याची ख्याती, हजारो गावं, आणि जवळजवळ सगळी कॉम्प्युटरने साच्यातून पाडलेली. त्यानंतर २००२ ला आला 'मोरोविंड'. जग किती? एक बेट. पण हाताने घडवलेलं. कुठलं गाव कुठल्या वाटेवर, कुठली वाट कुठल्या डोंगरामुळे वळते, सगळं ठरवून. लोक अजून त्या बेटाची आठवण काढतात. 'स्कायरिम'मध्येही तेच, एका गावाहून दुसऱ्या गावाला चालत निघालं की वाटेत काहीतरी भेटायचं आणि तासाभराने आपण भलतीकडेच पोचलेले असायचो. 'स्टारफील्ड'मध्ये वाटच नाही, तर वाटेत भेटणार काय? २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ग्रहांवर पळवायला एक गाडी दिली. छान उड्या मारते. पण दुखणं ग्रहावर नव्हतंच, ते ग्रहांच्या मधे होतं. २०२३ मध्येच एका पठ्ठ्या खेळाडूने यान सरळ प्लूटोच्या दिशेने हाकलत ठेवलं. सुमारे सात तास. आणि पोचल्यावर यान प्लूटोच्या आरपार निघून गेलं, कारण तो ग्रह नव्हता, ग्रहाचं चित्र होतं. (सात तास! आणि आम्हाला आमच्या घरचे बटाट्यांवरून बोलतात.) 'नो मॅन्स स्काय'मध्ये जमिनीवरून उडून थेट दुसऱ्या ग्रहावर उतरता येतं. तिथे लिहिलेली गोष्ट यथातथाच आहे, पण जाणं म्हणजे जाणं आहे.

ह्या सगळ्यामुळे मला ह्या खेळातलं एक प्रकरण फार लागलं. एक ग्रह आहे. निळं पाणी, पांढरी वाळू, आणि किनाऱ्यावर पॅराडिसो नावाचं एक आलिशान रिसॉर्ट. त्या ग्रहाभोवती एक अनोळखी जुनाट यान येऊन घिरट्या घालतंय. आत जाऊन बघावं तर माणसं! सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पृथ्वीवरून निघालेली. म्हणजे निघाले ते पणजोबा-खापरपणजोबा, आणि पोचतायत ही. जन्मले यानात, शिकले यानात, म्हातारे झाले यानात, सगळे एका आशेवर, की हा ग्रह आपला. आणि मधल्या काळात इकडे नवीन यंत्राचा शोध लागून लोक टिचकीसरशी ताऱ्यांपर्यंत पोचायला लागले, ग्रह एका कंपनीने घेऊन टाकला, रिसॉर्ट बांधलं. अख्ख्या खेळात खराखुरा प्रवास केलेली एवढीच माणसं, आणि नेमकी तीच उशिरा पोचलेली.

तुम्ही मध्यस्थ. रिसॉर्टचा मालक काचेच्या ऑफिसात बसून पर्याय देतो. एक, त्यांना इथे राहू देऊ, पण करार करून रिसॉर्टमध्ये राबावं लागेल. दोन, तुमच्या पदरचे पैसे घालून त्यांना नवीन यंत्र घेऊन द्या आणि दुसरीकडे पाठवा. तीन, यानच उडवून द्या. झालं! अख्खा ग्रह कंपनीचा. पलीकडच्या बाजूला, जिथे चिटपाखरू नाही, तिथे त्यांना जागा द्या, असं म्हणायची सोयच खेळात नाही. कोर्टकचेरी नाही, सरकार नाही. त्या मालकावर बंदूक झाडली तरी तो थोडा वेळ खाली बसतो आणि परत उठतो.

आता जो माणूस अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाढलाय, ज्याच्या डोळ्यांदेखत एका बाजूला मासळी वाळत घातलेली असते आणि दुसऱ्या बाजूला रिसॉर्टच्या पाण्याच्या घसरगुंडीवर मुंबईची पोरं किंचाळत असतात, त्याला हे प्रकरण बघून काय वाटलं असेल? मी तो मालक बोलत असताना खेळ थांबवला आणि चहा करायला गेलो. भाचा म्हणाला, "मामा, एवढं काय? पैसे दे आणि पाठवून दे त्यांना. हजार ग्रह आहेत." मी म्हटलं, "अरे, त्यांना हजार ग्रह नको होते. त्यांना हाच हवा होता." शेवटी मी पैसे दिलेच, दुसरं काय करणार? पण कल्पना इतकी जबरदस्त आणि तिचा शेवट इतका आखूड, हे मला ह्या खेळाचं खरं अपयश वाटतं. लिहिणाऱ्याला प्रश्न दिसला होता. उत्तर शोधायला मात्र त्याने खेळाडूला मोकळं सोडलं नाही. आणि "काहीही करा" असं ज्या खेळाच्या पाटीवर लिहिलंय त्याने तरी असं करू नये.

बाकीच्या तक्रारी पटकन उरकतो. तुमचे चार मुख्य सोबती चौघेही एकाच शाळेतून शिकून आल्यासारखे सज्जन. जरा कुठे चोरी केली की चौघांचं एकच व्याख्यान. शक्ती मिळवायची देवळं चोवीस, आणि प्रत्येकात तेच, हवेत तरंगत उजेडाचे ठिपके पकडा. चौथ्या देवळानंतर मी भाच्याला पकडायला सांगितलं. शहरं दिसायला देखणी पण चणीने तालुक्याएवढीही नाहीत. ३० सप्टेंबर २०२४ ला 'शॅटर्ड स्पेस' नावाची पुरवणी आली, तिच्यात एकाच ग्रहावरचा एकच प्रदेश, हाताने घडवलेला. लोकांनी तिलाही नावं ठेवली, गोष्ट पातळ आहे म्हणाले. आहेच. पण तिथे निदान एका जागेहून दुसऱ्या जागेला जाता तरी येतं.

पृथ्वीबद्दल सांगायचं राहिलं. खेळाच्या गोष्टीत पृथ्वी मेलेली आहे. ताऱ्यांवर नेणाऱ्या त्या यंत्राच्या प्रयोगांपायी तिचं चुंबकीय कवच गेलं, मग हवा गेली. मग पाणीही. तिथे उतरता येतं. गिझाचा पिरॅमिड आहे, पिझाचा कलता मनोरा आहे, लंडनचा शार्ड, न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट, दुबईची बुर्ज खलिफा. आपल्याकडचं काही नाही. (ताजमहालही नाही, त्यामुळे मुंबई नाही म्हणून रुसण्यात अर्थ नाही.) तरी एके रात्री आम्ही दोघांनी गोलावर अंदाजाने भारताचा पश्चिम किनारा हेरला आणि उतरलो. वाळू. जिकडे बघावं तिकडे तपकिरी वाळू आणि काळं आकाश. किनारा तरी कसला, समुद्रच नाही तर किनारा कुठून येणार? भाचा हसत होता, "मामा, हे बघ आपलं घर." बाहेर तेव्हा उधाण होतं. आवाज येत होता. आमच्या इथे समुद्र उलटा, दरवर्षी थोडा आत येतो. किनाऱ्यावरच्या सुरूच्या किती रांगा त्याने नेल्या ते जुन्या माणसांना विचारा, आणि बेटावरच्यांना तर विचारूच नका. समुद्र जास्त झाल्याची भीती घालून वाढलेल्या माणसाला समुद्र नसलेलं अर्नाळं बघायला मिळालं. तिथे एकही इमारत नव्हती, एकही चिठ्ठी नव्हती, आणि दीडशे तासांत मी कुठे एवढा वेळ उभा राहिलो नाही जेवढा तिथे राहिलो. त्या रिकाम्या जागेपर्यंतची वाट मी स्वतः घेऊन गेलो होतो, बहुतेक म्हणून.

आता शेवट. ज्यांना तो कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबावं. सगळे धातूचे तुकडे गोळा झाले की तुम्ही एका दारापाशी पोचता. 'युनिटी' म्हणतात त्याला. पलीकडे दुसरं विश्व, ह्याच्यासारखंच, पण त्यात तुम्हाला कुणी ओळखत नाही. जायचं तर एकट्याने. यान, घर, पैसे, जोडीदार, सगळं इथे ठेवून. सोबत येतं ते फक्त तुम्ही जे शिकलात ते. नव्याने खेळ सुरू करणं हे सगळ्याच खेळांत असतं, पण त्यालाच गोष्टीचा शेवट करून टाकणं, आणि "जाऊ का नको" हा प्रश्न खेळाडूच्या गळ्यात बांधणं, हे मला फार थोर वाटलं. किल्ल्यावरचं घर सोडून विरारच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेली माणसं मी बघितलीयत. जाळं विणणं बोटांत राहतं, होडी राहत नाही. इतक्या साध्या गोष्टीवर इतका मोठा खेळ उभा आहे, आणि तो बनवणाऱ्यांनी ती देवळातले ठिपके पकडून झाल्यावर, अगदी शेवटी दाखवली.

भाचा आतापर्यंत तीनदा त्या दारातून गेलाय. दर फोनवर विचारतो, "मामा, गेलास का?" नाही गेलो. नाळ उचललेलं, मधे पसरट, तळघरातून वर चढावं लागणारं ते यान न्यू अटलांटिसच्या तळावर उभं आहे. आत साडेतीनशे बटाटे आहेत.